पॉलिशखालचा डाग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमधून एकही शाफ्ट पॉलिश केल्याशिवाय बाहेर जात नसे. गिऱ्हाइकाने मागितलेलं असो वा नसो, ग्राइंडिंग झालेला शाफ्ट जुन्या लेथवर चढायचा, तो फिरत असताना तेलात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर त्याच्याभोवती धरला जायचा, आणि त्यात तोंड दिसायला लागलं की मग ग्रीस लावून कागदात गुंडाळणं. हे काम मावशींचं. कसबा बावड्याहून त्या सकाळच्या बसने येत, साडीवर अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना खाकी शर्ट चढवत आणि दिवसभर लेथच्या वर आवाज काढून बोलत.

"पोरगी दाखवायची असली तर तोंड पुसून आणत्यात का न्हाई?" त्या म्हणायच्या. "मग ह्यो काय असाच डागाळलेला पाठवू पावण्याकडं?"

डाग म्हणजे काय, ते सांगायला हवं. ग्राइंडिंगचं व्हील पोलादावर घासतं तेव्हा ठिणग्या उडतात. पोलाद तापतं. ते तापू नये म्हणून वरून दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची धार सोडलेली असते, तिला कुलंट म्हणतात. तरी कधी पाणी कमी पडतं, कधी व्हीलची धार गेलेली असते आणि ते कापण्याऐवजी नुसतं रगडत बसतं. अशा वेळी शाफ्टवर तपकिरी झाक उमटते, जास्तच झालं तर निळसर. मावशींच्या कागदाखाली ती झाक मिनिटभरात निघून जायची. डाग गेला, विषय संपला. अप्पा तसंच मानत होते. ग्राइंडर चालवणारे चाचा तसंच मानत होते. आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन परत आलेली मीही त्यांच्यात बसून तसंच मानायला लागले होते, कारण चकचकीत शाफ्टकडे बघून दुसरं काही मनात येतच नाही.

मी शेडवर बसत होते त्याचं कारण साधं होतं. मुलाखतीत माझा आवाज फुटत नसे. उत्तर येत असायचं, पण ते घशाच्या खालीच राहायचं आणि समोरचे लोक पुढच्या प्रश्नाकडे जायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर अप्पा म्हणाले, "बस की आपल्याकडं. फॅक्स आला तर वाचून तरी सांगशील." तेव्हा मोबाईल नुकते नुकते लोकांच्या शर्टाच्या खिशात दिसायला लागले होते, पण कंपन्यांची पत्रं फॅक्सनेच यायची आणि सगळी इंग्रजीत. मी ती वाचायचे, ड्रॉइंगवरची मापं अप्पांना समजावायचे, आणि उरलेला वेळ कोपऱ्यातल्या टेबलामागे बसून सगळ्यांकडे बघायचे. बघणं मला जमायचं.

शेडचा खरा धंदा ट्रकच्या आणि जीपच्या इंजिनांतले झिजलेले क्रँक घासून द्यायचा. तो आटत चालला होता. नव्या गाड्यांचे क्रँक कुणी घासून घेत नव्हतं, सरळ बदलत होतं. मोठा ग्राइंडर आठवड्यातले कितीतरी दिवस फडक्याखाली झाकलेला असायचा. पेठ वडगावचे एक गृहस्थ विकत घ्यायच्या विचाराने तो बघूनही गेले. टेपने लांबी-रुंदी मोजली, चहा घेतला आणि म्हणाले, "सावकाश ठरवा, मला घाई न्हाई." ते गेल्यावर अप्पा बराच वेळ ग्राइंडरच्या हँडलवरचं तेल पुसत बसले. हँडल स्वच्छच होतं.

ग्राइंडर गेला तर शेड गेलं, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. मावशींच्या लेथला काम ग्राइंडरकडूनच यायचं. आणि चाचा म्हणजे तर तो ग्राइंडरच. माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्याच्यापुढे उभे होते. त्यांचं घर आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी शेडवर यायचे, तेव्हा ते मला उपड्या खोक्यावर उभं करून म्हणायचे, "आता ऐक हां." व्हील शाफ्टजवळ सरकत जायचं, आणि दोघांची गाठ पडते तिथे 'स्स' असा अगदी बारीक आवाज व्हायचा. तो म्हणजे टच. तिथून पुढे मापं मोजायची. "आला?" चाचा विचारायचे. मी मान हलवायचे. "शाब्बास. हिला कान हाय, मालक!" ते अप्पांना ओरडून सांगायचे.

कॉलेज संपवून मी परत आले तेव्हा मात्र चाचा बदललेले वाटले. मी "चाचा, चहा आलाय" म्हटलं तर वळून बघत नसत. काही विचारलं तर उत्तर यायचं नाही. मालकाची शिकलेली मुलगी येऊन टेबलामागे बसते, हे त्यांना आवडलं नसावं, असं मी ठरवून टाकलं. मनाला लागलं होतं. पण मी कुणाला बोलले नाही, आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणंही कमी केलं.

अशात पुण्याच्या एका कंपनीचा फॅक्स आला. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट ग्राइंड करून हवे होते, दर महिन्याला, कायमचे. आधी एक नमुन्याचा लॉट करून द्यायचा. तो पास झाला तर काम आमचं. मी वाचून दाखवलं आणि अप्पांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. वडगावच्या पाहुण्यांना त्याच दिवशी निरोप गेला की थोडं थांबा.

शाफ्ट घेऊन कंपनीचे क्वालिटीचे साहेब स्वतः आले. अंगाने किरकोळ, इस्त्रीचा शर्ट, माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत. टेम्पोतून शाफ्ट उतरवून झाल्यावर त्यांनी गाडीतून लहान सुटकेसएवढी एक पेटी काढली. तिच्या वायरच्या टोकाला शाफ्टवर टेकवायचा अंगठ्याएवढा प्रोब होता. पूर्वी शाफ्ट भाजलेत का ते कंपनी प्रत्येक लॉटमधले थोडे ॲसिडमध्ये बुडवून तपासायची, साहेब सांगत होते. बुडवलेले शाफ्ट वाया जायचे आणि न बुडवलेल्यांचं खरं काय ते कळायचंच नाही. आता ही पेटी प्रत्येक शाफ्ट तपासते, आणि शाफ्टला ओरखडासुद्धा पडत नाही. तुम्ही इथे तपासून पाठवा, आम्ही तिकडे अशाच दुसऱ्या पेटीने पुन्हा तपासू. सोबत त्यांनी पोलादाचे दोन लहान तुकडे दिले, एक चांगला आणि एक मुद्दाम भाजलेला, पेटी बरोबर चालते की नाही ते बघायला. आणि एक जाड इंग्रजी पुस्तिका. ती सगळ्यांच्या हातून फिरून शेवटी माझ्या टेबलावर आली.

नवीन मशीन शेडमध्ये आलं की त्याची पूजा व्हायची. पेटी परत जाणार होती, तरी मावशींनी तिला हळदकुंकू लावलं. त्यांचं बोट प्रोबकडे वळलं तेव्हा मी धावले. "त्याला नको!" माझं त्या दिवसातलं ते पहिलं वाक्य असावं. साहेब हसले, मग मी पुस्तिकेत तोंड घातलं.

दोन दिवस ती वाचत होते. तिसऱ्या दिवशी मावशींनी जेवताना विचारलं, "आगं, काय लिवलंय काय त्यात एवढं?"

मी जमेल तसं सांगितलं. पोलादाच्या आत चुंबकासारखे अगदी बारीक बारीक भाग असतात, डोळ्यांना न दिसणारे. प्रोब बाहेरून त्यांना एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओढतो. ते भाग गुमान वळत नाहीत, अडकत, हिसके देत वळतात. त्या हिसक्यांचा एक खरखराट होतो आणि पेटी तो मोजते. पोलाद कडक आणि आतून घट्ट आवळलेलं असेल तर खरखर कमी. भाजून मऊ पडलेलं असेल, आतून ताणलेलं असेल, तर खरखर जास्त, आणि असा शाफ्ट पुढे तिथेच तडकतो.

मावशींनी घास चावत विचार केला. "म्हंजे जिथं दुखतंय तिथं वरडतंय."

"हो. तसंच."

"मग तसं लिवायचं की! एवढं जाड पुस्तक कशाला?"

तोवर चाचांनी लॉट घासून संपवला होता आणि मावशींनी तो पॉलिश करून लाकडी खोक्यात ओळीने लावला होता. इतके देखणे शाफ्ट आमच्या शेडमधून कधी गेले नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोक्यापाशी स्टूल ओढलं आणि एकेक शाफ्ट काढून त्यावर प्रोब फिरवायला लागले. पेटीवरचा आकडा खाली होता. खालीच होता. शाफ्टची जाडी जिथे बदलते त्या खांद्यापाशी आले आणि आकडा उडाला. मी प्रोब पुसला. पुन्हा तेच. दिलेल्या चांगल्या तुकड्यावर ठेवला तर आकडा खाली, भाजलेल्यावर ठेवला तर वर. पेटी ठीक होती. दुसरा शाफ्ट घेतला. मग तिसरा. सगळे तसे नव्हते. सुरुवातीचे थोडे चांगले निघायचे, मग आकडा शाफ्टगणिक चढत जायचा, मग एकदम पुन्हा उतरायचा आणि नव्याने चढायला लागायचा.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तपासतच राहिले. आकडा वर गेलेल्या शाफ्टला खडूने खूण करत गेले. शेवटी खुणा झालेले शाफ्टच जास्त झाले, तेव्हा अप्पांना बोलावलं.

अप्पांनी त्यातला एक उचलला, उजेडात फिरवला, अंगठा घासून बघितला. "डाग कुठाय? दाखव की."

"दिसत नाही, अप्पा. खाली आहे."

"खाली म्हंजे? पोलाद हाय का विहीर?"

"केसाएवढं खाली. वरचा रंग पॉलिशने गेलाय. भाजलेलं आत तसंच आहे."

"पेटी पुण्याची, शाफ्ट कोल्हापुरात घासलेला," अप्पा म्हणाले. "दोघांचं पटत नसंल." पण हसले नाहीत.

"एक शाफ्ट द्या मला. ॲसिड लावून बघू. तो वाया जाईल."

हे ऐकून मावशी लेथ बंद करून आल्या. मी खुणेतला जो शाफ्ट उचलला होता तो त्यांनी माझ्या हातातून घेतला. "ह्यो न्हाई. ह्यो लै सुरेख झालाय."

"तोच हवा, मावशी. त्याचा आकडा सगळ्यात वर आहे."

शेडच्या मागे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, हातमोजे घालून, स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड मिसळून मी तो त्यात फिरवला. मग पाण्याने धुतला. बाकीचा शाफ्ट राखाडी झाला, एकसारखा, फिकट. आणि खांद्यापाशी काळपट चट्टे वर आले. फोटो धुताना कागदावर माणूस उमटत जातो तसे, आमच्या डोळ्यांदेखत. बाजूने बाजूने, सगळ्या गोलाईभर.

मावशींनी पदराला हात पुसले. मग एवढ्या हळू आवाजात बोलल्या की त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "करपलेली भाकरी वरनं खरडली म्हून काय झालं. वास आत ऱ्हातोयच की."

तेव्हापासून शेडमध्ये त्याला 'करपणं' हाच शब्द पडला.

शाफ्ट मापाला आलेले होते, पुन्हा घासायला त्यांच्यावर धातू शिल्लक नव्हता. आणि साहेबांचा टेम्पो उद्या येणार होता. मावशी म्हणाल्या, "चांगलं वर ठेवूया. करपलेलं खाली."

"तिथंबी असलीच पेटी हाय," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आन् नसती तरी काय? ट्रॅक्टर कुणाच्या तरी रानातच जातोय."

चाचा इतका वेळ दारात उभे होते. काळे चट्टे त्यांनी पाहिले होते. "माझ्या हातनं करपलेलं काम गेलं न्हाई कधी, मालक," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला. क्रँकचं एक काम पडलेलं होतं, ते त्यांनी चढवलं असावं.

मीही आत आले आणि माझ्या टेबलामागे बसले. आणि मग फक्त बघत राहिले.

टच ऐकू यावा म्हणून चाचा कुलंटचा कॉक बंद करायचे. धार पडत असली की तिच्या आवाजात टच बुडतो. ही पद्धत त्यांची जुनीच, माझ्या लहानपणापासूनची. टच आला की लगेच कॉक उघडायचा. पण त्या दिवशी व्हील टेकलं, ठिणग्या उडाल्या, मला कोपऱ्यात बसूनही 'स्स' ऐकू आला, आणि चाचांचा हात कॉककडे गेला नाही. ते वाकून, एक कान पुढे करून उभे होते. ठिणग्यांचा झोत चांगला जाड झाला तेव्हा कुठे त्यांनी पाणी सोडलं, तेही अर्धंच. पुढे व्हीलचा सूर बदलला. धार गेलेलं व्हील किरकिरतं. अशा वेळी त्याच्यावर हिरा फिरवून त्याला नवी धार आणतात, डायमंड मारणं म्हणतात त्याला. व्हील किरकिरत होतं आणि चाचा त्याच शांतपणे हँडल फिरवत होते.

"चाचा," मी म्हटलं, "डायमंड मारायचा का?"

काही नाही. नेहमीसारखंच.

"चाचा, व्हील वरडायलंय न्हवं!" मावशी लेथवरून ओरडल्या.

"व्हय, व्हय, मारतो की," चाचा लगेच म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी जागच्या जागी बसून राहिले. ते माझ्यावर रागावले नव्हते. त्यांना माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं. आमच्या शेडमध्ये सगळे ओरडून बोलायचे. अप्पा ओरडायचे, मावशी ओरडायच्या, दारात आलेला टेम्पोवाला ओरडायचा. त्या ओरडण्यात चाचांचे कान गेलेले कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. हळू बोलणारी सगळ्या शेडमध्ये मी एकटीच, आणि मी ते मनाला लावून घेतलं होतं.

हे कुणाला आणि कसं सांगायचं ते मला सुचेना. अप्पांना सांगितलं असतं तर ते काही वाईट बोलले नसते, पण बोलले असते ओरडून, आणि सगळ्या गल्लीला कळलं असतं. चाचा दुसऱ्या दिवशी आले नसते. चहाच्या वेळी ते बाहेरच्या बाकावर एकटे बसलेले दिसले. मी दोन पेले घेऊन गेले. शेजारी न बसता समोर पायरीवर बसले, माझं तोंड त्यांना दिसेल असं. माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "चाचा, टच ऐकू येतो का हल्ली?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग चहाकडे. "तुझ्या चाचीला म्हाईत हाय," ते म्हणाले. "आन् आता तुला."

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "ठिणगी बघून करतोय, बेटा. पर ठिणगी उशिरा सांगती."

"कुलंट पूर्ण सोडून घासलं तर?"

"मग तर ठिणगीबी दिसायची न्हाई. मला कायच कळायचं न्हाई."

"टच मी सांगेन. शेजारी उभी राहून. आणि डायमंड कधी मारायचा ते पेटी सांगेल. करपायच्या आधी आकडा चढायला लागतो, मी बघितलंय."

चाचांनी चहा संपवला. "म्हंजे हात माझा आन् कान तुझा."

"हो."

"आन् पगार?" त्यांनी विचारलं, आणि परत आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "ह्यातले बरेचसे करपलेत, साहेब. पोरीनं तपासलंय. खुणा हायत बघा." साहेबांनी खुणा पाहिल्या, ॲसिड लावलेला शाफ्ट पाहिला. मग त्यांनी विचारलं, "कारण सापडलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनीही.

"कुलंट कमी पडत होता," मी म्हणाले. "आणि व्हीलला डायमंड उशिरा बसत होता. आता ते होणार नाही."

"पण असं का होत होतं?"

तेव्हा चाचा पुढे आले. "माझ्या कानामुळं, साहेब. मला व्हील ऐकू येत न्हाई आता." ते हे जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, ज्याला स्वतःचा आवाज कळत नाही तसा माणूस म्हणेल तसं.

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "कधीपास्नं?"

"झाली की बरीच वर्सं."

"आन् मी इतकी वर्सं तुमच्याशी बोलतोय ते?"

"तुम्ही बोलताय कुठं, मालक? तुम्ही पयल्यापास्नंच वरडताय."

मावशी खाकी शर्टाच्या बाहीत तोंड घालून हसायला लागल्या. मग साहेबही हसले. अप्पा हसले नाहीत. ते चाचांच्या जवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग लक्षात येऊन आवाज चढवला, आणि शेवटी न बोलताच नुसता खांदा दाबला.

साहेबांनी जाताना सांगितलं, "शाफ्ट पुन्हा पाठवतो. वरती मी काय सांगायचं ते सांगतो. पण एकदाच. या वेळी नाही जमलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

दुसरा लॉट आला तेव्हा शेडमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि हे आमच्या शेडच्या बाबतीत आजारपणासारखं वाटत होतं. मी ग्राइंडरच्या उजवीकडे उभी राहिले. कुलंट पूर्ण सोडलेला होता. दुधाळ पाण्याचे शिंतोडे माझ्या ओढणीवर, चष्म्यावर. पाण्याच्या त्या आवाजात टच ओळखणं मलाही सोपं नव्हतं. मी डोळे मिटून ऐकायचे आणि 'स्स' आला की हात वर करायचे. चाचा माझ्या हाताकडे बघून मोजायला सुरुवात करायचे. शाफ्ट उतरला की पुसून, गार होऊ देऊन, खांद्यापाशी प्रोब. आकडा खाली असला की मी "गार" म्हणायचे. चढायला लागला की "तापतंय".

मावशींना मी सांगितलं होतं की आधी पेटी, मग पॉलिश. त्या रिकाम्या लेथपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. "पारोशा तोंडानं तपासायच्या व्हय पोरी?" एवढं त्या पुटपुटल्या, पण थांबल्या.

पहिले थोडे शाफ्ट गार निघाले. मग आकडा थोडा सरकला. मग अजून थोडा. व्हीलचा सूर अजून ठीक होता, शाफ्टवर कुठेही रंग नव्हता. तरी मी "तापतंय" म्हणाले. चाचांनी पुढचा शाफ्ट उचलला.

"चाचा, डायमंड."

ते तो चढवायला लागले. मला वाटलं, माझं बोलणं कानावर गेलं नाही. मग दिसलं की त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. व्हीलकडे पाहून त्यांनी मान हलवली, अजून एक निघेल अशा अर्थाने. इतक्या वर्षांचा हात होता तो. अजून एक कदाचित निघालाही असता.

"थांबा!" मी ओरडले.

लेथपाशी मावशी दचकल्या. अप्पा ऑफिसातून बाहेर आले. रस्त्यावरून जाणारा एक माणूस वाकून आत बघून गेला. मी बोट आकड्यावर ठेवून उभी राहिले. "अजून एक नाही, चाचा. आधी डायमंड मारा!"

चाचांनी शाफ्ट खाली ठेवला. "बगा," ते अप्पांकडे वळून म्हणाले, "अखेर तुमचीच निगाली." आणि डायमंड मारला. पुढच्या शाफ्टचा आकडा खाली आला, इतका खाली की मी दोनदा प्रोब लावून बघितला.

असंच सगळा लॉट संपेपर्यंत. माझा आवाज संध्याकाळपर्यंत बसला होता. चाचीने मागच्या गल्लीतून लवंग घातलेला काढा पाठवला, म्हणजे चाचांचं घरी सगळं सांगून झालं होतं.

शाफ्ट पुण्याला गेले. त्यानंतरचे दिवस अप्पा फॅक्सच्या मशीनमध्ये कागद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायचे. वडगावच्या पाहुण्यांचा फोन येऊन गेला, अप्पांनी आवाज न चढवता त्यांना सांगितलं की कळवतो. चाचा वेळेवर यायचे, ग्राइंडर पुसायचे, असतील ते क्रँक घासायचे. कुलंट आता पूर्ण सोडायचे. टच घ्यायची वेळ आली की हातातलं काम थांबवून वळायचे, आणि मी टेबलामागून उठून जायचे.

एका सकाळी फोन वाजला आणि अप्पांनी थोडं ऐकून घेऊन रिसीव्हर माझ्या हातात दिला. साहेब होते. सगळे मर्यादेत आहेत, ते म्हणाले, एक जरा वरच्या बाजूला आहे पण चालेल. पुढच्या महिन्यापासून सुरू करा. पेटीचं म्हणाल तर तूर्त तुमच्याकडेच राहू दे, दर लॉटसोबत तुमचे आकडे पाठवत जा. मी "हो" म्हणाले, "हो सर" म्हणाले. मी रिसीव्हर ठेवला. माझ्या तोंडाकडे बघून अप्पा खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"काय झालं? सांगा की कुणीतरी!" मावशी लेथवरून ओरडल्या. अप्पांनी मान हलवली आणि मावशींनी एवढ्या जोरात "व्हय?" म्हटलं की शेजारच्या शेडमधले लोक बाहेर आले.

चाचांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आमच्याकडे पाठ करून ते ग्राइंडरपुढे उभे होते. मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी.

"चाचा, पास."

त्यांनी पाणी बंद केलं. "सगळं?"

"सगळं."

"सगळ्यात कमी आकडा कुठल्याचा आला?"

"डायमंड मारल्यावर पहिला केला होता तो."

चाचांनी मान डोलावली. अप्पा येत होते, मावशी हात पुसत येत होत्या, दोघंही एकदम बोलत होते. चाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग अर्धा झालेला क्रँक टाकून चालणार नाही असा चेहरा करून त्यांनी पुन्हा पाणी सोडलं, व्हील पुढे सरकवलं, आणि माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.